अ‍ॅरेला फाइल दिसत नाही

स्टोरेज अ‍ॅरेवरच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेणारी स्क्रिप्ट चार-पाच ओळींत लिहून होते. रात्री क्रॉन ती चालवतो, सकाळी लॉगमध्ये ‘यशस्वी’ दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. त्या निर्धास्तपणाच्या मुळाशी काही चुकीच्या समजुती आहेत. त्यांतली सर्वांत महागात पडणारी आधी घेतो.

‘स्नॅपशॉट अ‍ॅरे घेतो, मग सर्व्हरचा काय संबंध?’

अ‍ॅरेला फक्त ब्लॉक दिसतात. व्हॉल्यूमवर एक्सएफएस आहे की एनटीएफएस, डेटाबेस आहे की कुणाचे फोटो, हे त्याला कळत नाही. शिवाय प्रोग्रामने लिहिलेला डेटा काही काळ सर्व्हरच्या मेमरीतच, पेज कॅशमध्ये असतो, तो अ‍ॅरेपर्यंत पोचलेलाच नसतो. अशा वेळी घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी वीज गेली असती तर डिस्कवर जे उरलं असतं, तेच. याला क्रॅश-कन्सिस्टंट म्हणतात.

असा स्नॅपशॉट टाकाऊ नसतो. जर्नल ठेवणारी फाइलसिस्टिम आणि चांगला डेटाबेस वीज गेल्यानंतरही सावरतात. पण त्याला एक अट आहे: सगळे व्हॉल्यूम एकाच क्षणी गोठले पाहिजेत. समजा डेटाफाइल एका व्हॉल्यूमवर आहेत, लॉग दुसऱ्यावर आणि स्क्रिप्ट फॉर लूपमध्ये एकेकाचा स्नॅपशॉट घेते. बदल आधी लॉगमध्ये नोंदवायचा, मग डेटाफाइलमध्ये, या क्रमावरच डेटाबेसची सावरण्याची ताकद उभी असते. लॉगचा स्नॅपशॉट आधी झाला आणि डेटाचा दोन सेकंदांनी, तर डेटाफाइलमध्ये असे बदल सापडतात ज्यांची लॉगमध्ये नोंदच नाही. दोन्ही स्नॅपशॉट स्वतंत्रपणे ठीक, एकत्र मात्र निकामी. म्हणून अ‍ॅरेवर कन्सिस्टन्सी ग्रुप बनवून एकाच आज्ञेत सगळे व्हॉल्यूम धरायचे.

याहून भक्कम प्रत हवी तर सर्व्हरला सामील करून घ्यावंच लागतं. लिनक्सवर एफएसफ्रीझ फाइलसिस्टिम थांबवतो, कॅशमधलं डिस्कवर उतरवतो. स्नॅपशॉट झाला की लगेच ती मोकळी करायची. मध्येच स्क्रिप्ट मेली तर फाइलसिस्टिम गोठलेलीच राहते, म्हणून मोकळं करण्याची ओळ ट्रॅपमध्ये हवी. विंडोजवर हेच काम व्हीएसएस करतं. तिथे अ‍ॅप्लिकेशन जास्तीत जास्त ६० सेकंद थांबतात आणि प्रत्यक्ष लेखन फक्त १० सेकंद रोखलं जातं. अ‍ॅरेने तेवढ्यात काम उरकलं नाही तर तो प्रयत्न फसला.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी एक खास खड्डा आहे. १५व्या आवृत्तीपासून जुनी एक्सक्लूझिव्ह पद्धत काढून टाकली आहे. आता पीजी_बॅकअप_स्टार्ट म्हटल्यापासून पीजी_बॅकअप_स्टॉप म्हणेपर्यंत तेच कनेक्शन उघडं ठेवावं लागतं. जुन्या स्क्रिप्ट पीएसक्यूएल दोनदा वेगवेगळा चालवतात. पहिला बंद होताच बॅकअप रद्द होतो. तिथे फक्त फंक्शनचं नाव बदलून भागत नाही.

‘आज्ञा परत आली, म्हणजे प्रत तयार झाली’

स्नॅपशॉटच्या बाबतीत हे बरोबर, क्लोनच्या, म्हणजे पूर्ण प्रतीच्या, बाबतीत नाही. एचपीच्या ईव्हीए अ‍ॅरेवरचा स्नॅपक्लोन लगेच होस्टला जोडता यायचा, पण ब्लॉकची खरी नक्कल मागे चालूच असायची आणि ती संपेपर्यंत क्लोन मूळ व्हॉल्यूमवर अवलंबून असायचा. इतर अ‍ॅरेवरही पूर्ण प्रतीला वेळ लागतोच. स्क्रिप्टने अ‍ॅरेला स्थिती विचारत राहावं, पूर्ण झाल्याचं उत्तर आल्यावरच पुढे जावं.

‘स्नॅपशॉट आहे, बॅकअप कशाला?’

स्नॅपशॉट न बदललेले ब्लॉक मूळ व्हॉल्यूमकडूनच वाचतो. अ‍ॅरे गेला की दोन्ही गेले. लिनक्स एलव्हीएमच्या जुन्या प्रकारच्या स्नॅपशॉटची राखीव जागा भरली, तर तो स्नॅपशॉटच अवैध ठरतो.

पण बॅकअप चालू आहे असं नुसतं समजूनही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. रोजचा पीजी_डम्प चुकीच्या आवृत्तीमुळे आधीपासून फसत होता, आणि ते कळवणारे ईमेल स्वीकारलेच जात नव्हते. शेवटी कामी आला सुमारे सहा तास आधी, चाचणीच्या सर्व्हरसाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट. त्यानंतरचा डेटा गेला. माझ्या मते या प्रसंगात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा आहे तो न पोचलेला ईमेल. स्क्रिप्ट अयशस्वी झाली की ओरडते, एवढ्यावर थांबू नये. ‘अमुक तासांत यशाची खबर आली नाही’ हे ओळखणारी देखरेख वेगळी हवी.

‘क्लोन त्याच सर्व्हरला जोडून तपासू’

क्लोनमध्ये मूळचा यूयूआयडीही जसाच्या तसा येतो. मूळ व्हॉल्यूम माउंट असताना एक्सएफएस क्लोन माउंट करायला नकार देतं. नोयूयूआयडी पर्याय द्यावा लागतो. एलव्हीएमसाठी व्हीजीइम्पोर्टक्लोन आहे. विंडोजवर डिस्कची सही (सिग्नेचर) जुळल्यामुळे दुसरी डिस्क ऑफलाइन राहते. म्हणून तपासणीला वेगळा होस्ट ठेवावा: तिथे क्लोन माउंट करायचा, डेटाबेस सुरू करायचा, एखाद्या रोज बदलणाऱ्या टेबलमधली शेवटची तारीख वाचायची. ती तारीख कालची निघाली तर जुना क्लोन पुसण्याची ओळ चालूच नये.