विषाचा घाव नेमका कुठे?

खिडकीच्या कट्ट्यावर चार काचेचे पेले ओळीने मांडलेले. प्रत्येकाच्या तोंडावर एक छोटा कांदा, बूड जेमतेम पाण्याला टेकलेले. पहिल्या पेल्यात साधे पाणी. पुढच्या तिन्हींत मोरचुदाचे पातळ द्रावण, प्रत्येकात आधीच्यापेक्षा थोडे तीव्र. पाचव्या दिवशी पहिल्या कांद्याला पांढऱ्या मुळांची दाढी फुटली होती. दुसऱ्याची मुळे आखूड राहिली, तिसऱ्याची टोके तपकिरी पडली आणि चौथ्याच्या बुडावर नुसते ठिपके दिसत होते. ‘विष आणि पेशी’ हा माझ्या अकरावीतल्या भाचीचा जीवशास्त्राचा प्रकल्प. “मावशी, मुळं कुजली नाहीत गं, वाढायचीच थांबली,” ती म्हणाली. तिचे हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटले.

मोरचूद तिने उगाच निवडला नव्हता. नाशिककडचे द्राक्षबागायतदार केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात हाच मोरचूद असतो. एक टक्क्याचे मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदातले बुरशीला मारणारे तांबे कांद्याच्या पेशीचे काय करते, हा तिचा प्रश्न होता.

उत्तर शोधायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागला. मुळाचे दोन मिलिमीटरचे टोक कापायचे, सौम्य आम्लात कोमट करून मऊ करायचे, ॲसिटोकार्मिनने रंगवायचे आणि कव्हरस्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचे. साध्या पाण्यातल्या मुळाच्या स्लाइडवर विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात आणि त्यांत मधूनमधून एखादी पेशी ऐन विभाजनात सापडते. केंद्रकाच्या जागी गडद लाल दोरे, म्हणजे गुणसूत्रे. कुठे ती पेशीच्या मध्यावर रांगेत उभी, कुठे दोन टोकांकडे निघालेली. कांद्याच्या पेशीत ती १६ असतात. तांब्याच्या पाण्यातल्या मुळात पेशी जागच्या जागी होत्या, पण विभागणारी पेशी हुडकावी लागत होती. शंभर पेशींमागे किती विभागताहेत हे मोजले की विषाचा परिणाम आकड्यात मांडता येतो.

तांबे हे मुळात पेशीचे शत्रू नाही. आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनचे तंतुकणिकेत शेवटी पाणी होते, ते घडवणाऱ्या विकरात तांब्याचे अणू असतात. त्यांच्यावाचून पेशीला ऊर्जा मिळणार नाही. सायनाइड जीवघेणे ठरते ते याच विकराचे काम रोखून. पण तांबे गरजेपेक्षा वाढले की ते भलत्याच प्रथिनांना चिकटते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार करते आणि पेशीची घडी विस्कटते. मात्राच विष ठरवते, हे पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात लिहून ठेवले. चार पेल्यांच्या रांगेत ते डोळ्यांनी दिसते.

कांद्याच्या मुळावर विष तपासण्याची ही रीत जुनी आहे. स्वीडनमधल्या आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांना कोल्चिसिन दिले. पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणावर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी विषारी आहे ती याच द्रव्यामुळे. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे तर्कुतंतू कोल्चिसिन बांधूच देत नाही. गुणसूत्रे दुप्पट होतात, पण वाटणी होत नाही. १६ च्या जागी ३२ गुणसूत्रे एकाच पेशीत अडकून बसतात.

याच अडवणुकीतून पुढे एक मोठा शोध लागला. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे तीसेक वर्षे पुस्तकांत छापले जात होते. डिसेंबर १९५५ मध्ये लुंड इथल्या लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत जावात जन्मलेल्या जो हिन चिओ यांनी मानवी पेशींचे विभाजन कोल्चिसिनने मध्यावर थांबवले, पेशी फुगवून गुणसूत्रे सुटी केली आणि मोजली. ती भरली ४६. विषाने पेशीला थोपवून धरले नसते तर ही मोजणी फार अवघड होती.

आपल्या अंगणातली सदाफुलीही याच वाटेवरची. तिच्यातून मिळणारे व्हिनक्रिस्टिन तर्कुतंतूंवरच घाव घालते आणि भराभर विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना रोखते. १९६३ पासून ते औषध म्हणून वापरात आहे, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते. मात्र ही मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जाते. सदाफुलीची पाने चघळून कर्करोग बरा होत नाही, उलट अपाय होतो.

विषाचा घाव नेमका कुठे बसतो हे कळले की उताराही सापडू शकतो. कोकणातला लाल विंचू याचा पुरावा आहे. त्याचे विष मज्जापेशीच्या पटलावरची सोडियमची दारे मिटू देत नाही. मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात, शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही साखळी ओळखली. १९८० च्या दशकात त्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तालुक्याच्या गावी, साध्या साधनांनिशी झालेले हे काम जगभरच्या डॉक्टरांनी स्वीकारले.

म्हणून प्रकल्पाच्या तयार वह्या आणि छापील तक्ते पाहिले की वाईट वाटते. पेशीची सुबक आकृती सगळ्या मुलांना काढता येते. त्या आकृतीतला कोणता भाग बंद पडला की काय होते, हे मात्र स्वतः करून पाहिल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी लागतात चार कांदे, चार पेले आणि आठवडाभराचा धीर. शिक्षकांनी मोरचुदाचे द्रावण स्वतः करून द्यावे, मुलांनी हातमोजे घालावेत, कळलावी किंवा कण्हेर घेऊन घरी प्रयोग करू नयेत आणि प्रयोगातले कांदे स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नयेत. पालकांनी आठवडाभर खिडकीचा कट्टा मोकळा ठेवावा.

आणि साध्या पाण्याचा पेला विसरू नका. तो नसेल तर उरलेले तिन्ही पेले काहीच सिद्ध करत नाहीत.