वडीलधाऱ्यांच्या दुखण्याचीही नोंद हवी



ऊस लावला आणि नोंद द्यायची राहिली, असे आपल्याकडे सहसा होत नाही. नोंदीवरच तोडीचा क्रम लागतो, हे सगळे जाणतात. प्रवरेच्या पाटपाण्याची पाळी रात्री दोनला आली, तरी आपण बॅटरी घेऊन बारे धरायला हजर. मग आईच्या डोळ्यांचे, वडिलांच्या खोकल्याचे काम तेवढे 'ऊस तुटला की बघू' यावर का अडावे?

गटात फिरताना आम्ही हे घरोघर ऐकतो. माया कमी असते, असे मुळीच नाही. पण 'आईचं बघायला पाहिजे' याला ना तारीख, ना माणूस. थोरला म्हणतो धाकटा नेईल, धाकटा म्हणतो दादा ठरवतील. रोजचे औषधपाणी मुकाट्याने सुनेच्या अंगावर पडते. त्यात डॉक्टर काय सांगतील ही भीती आणि खर्चाची धास्ती. ऊस तुटला की खोडव्याची कामे निघतात. ती सवड काही येत नाही.

तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर वजन व उतारा घटतो. शरीराचेही तसेच आहे. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच १०८ ला फोन करावा. अर्धांगाच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात; 'सकाळी बघू' म्हटले की वेळ गेली. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासावी. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मोतीबिंदू 'पिकू द्या' हा सल्ला आता जुना झाला. फार पिकलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उलट अवघड होते.

तेव्हा एवढे करा :

१) कामाचा तुकडा पाडा. 'आईची तब्येत' नव्हे, 'मंगळवारी डोळे तपासणे'.

२) भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख आणि नेणाऱ्याचे नाव लिहा. श्रीरामपूरला खत-औषध आणायला जातोच, त्याच फेरीत न्या.

३) जुने केसपेपर, गोळ्यांची पाकिटे व आधार कार्ड आजच एका पिशवीत घाला.

४) वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. योजनेतील रुग्णालयात भरती झाल्यास कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात.

५) सेवा करणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दिवस मोकळीक द्या. त्या दिवशीचे काम मुलाने करावे.

सगळे एकदम जमणार नाही. पण हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक तारीख आणि एक नाव लिहा. नोंद झाली की काम पुढे सरकते, हा आपला शेतातला रोजचाच अनुभव आहे.

— ऊस विकास अधिकारी