शेजारी रेडिओवर गातो तेव्हा

अमेरिकेचे नाव काढले, की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण त्याच देशात, नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ब्ल्यू रिज डोंगरांच्या पायथ्याशी माउंट एअरी नावाचे एक लहानसे गाव आहे. ग्रॅनाइटच्या विस्तीर्ण खाणीमुळे त्याचे नाव झाले. गावाचे दुसरे वैभव मात्र कानांनीच ओळखावे लागते. ते म्हणजे डब्ल्यू. पी. ए. क्यू. हे रेडिओकेंद्र!

2 फेब्रुवारी 1948 रोजी राल्फ एपर्सन या तरुणाने ते सुरू केले. त्याला रेडिओचे वेड होते, आणि आपल्या मुलखातल्या गाण्याचेही. तिथे फिडल आणि बँजो घरोघर वाजत. मुले वडीलधाऱ्यांचे ऐकून ऐकूनच वाजवायला शिकत. टॉमी जॅरेल याच परिसरातला. वडिलांकडून फिडल शिकलेला हा गृहस्थ पोटासाठी रस्ते सपाट करणारे यंत्र चालवी. पुढे 1982 साली राष्ट्रीय वारसा सन्मान देऊन देशाने त्याच्या कलेचा गौरव केला.

असे वादक एपर्सनने मायक्रोफोनपुढे आणून बसवले. ‘मेरी-गो-राउंड’ हा शनिवारचा कार्यक्रम 1948 सालीच सुरू झाला. त्यात तबकडी लावायची नाही. माणसांनी समोर बसून गायचे, वाजवायचे. कालपर्यंत ओसरीवर वाजवणारा शेजारी आज रेडिओवर ऐकू येतो, याचे घरच्यांना केवढे अप्रूप वाटले असेल!

केंद्राची लहर 740 किलोसायकलची. पण कॅनडात टोरांटोचे बलाढ्य केंद्रही त्याच लहरीवर! मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात; रात्री मात्र आकाशातून परतून शेकडो मैल पोचतात. दोन केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून सूर्य मावळला की धाकट्याने आवरते घ्यायचे. तेव्हा जे काय गायचे, ते दिवसाउजेडी!

खरी कसोटी पुढेच होती. 1955 च्या सुमारास रॉक अँड रोलची लाट आली. नॅशव्हिलचे कंट्री संगीतही हळूहळू गुळगुळीत होऊ लागले. खपणाऱ्या तबकड्या वाजवाव्यात आणि जाहिराती मिळवाव्यात, हा सोपा मार्ग कितीतरी केंद्रांनी धरला. त्यांना तरी दोष कसा द्यावा? केंद्र चालवायचे म्हणजे पैसा हवाच. एपर्सनने मात्र आपल्या डोंगरांतले जुने सूर, ब्ल्यूग्रास आणि भक्तिगीते सोडली नाहीत. स्टुडिओत झालेली जुनी ध्वनिमुद्रणेही त्याने जपून ठेवली. त्यांतली काही पुढे तबकडीरूपाने प्रसिद्ध झाली.

एपर्सन 2006 साली वारला. ‘मेरी-गो-राउंड’ त्याच्या मागेही चालू राहिला. गावातल्या जुन्या अर्ल थिएटरात लोक शनिवारी जमत, आणि तिथूनच कार्यक्रम घरोघर पोचे. 2018 साली त्याला सत्तर वर्षे पूर्ण झाली.

माणूस जातो, तसे त्याच्या बोटांतले गाणेही जाते. माउंट एअरीत त्यातले थोडे मागे राहिले, कारण ते ऐकण्याजोगे आहे असे एका गावकऱ्याला वेळीच वाटले.