पत्ता तोलायचा कसा?

२०१८च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचे प्रात्यक्षिक सामने झाले आणि भूजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’मध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले. ब्लिझार्ड कंपनीने २०१४ साली आणलेला हा पत्त्यांचा डिजिटल खेळ. आपल्या संग्रहातून सहसा तीस पत्ते निवडून डेक बांधायचा आणि समोरच्या नायकाची हेल्थ शून्यावर आणायची. खेळाची निम्मी बुद्धी या निवडीतच लागते. दुर्मीळ तो पत्ता भारी, असे नवख्याला वाटते, आणि तिथेच तो फसतो.

सुरुवात हिशेबाने करावी. पत्ता खेळायला स्फटिक मोजावे लागतात. पहिल्या पाळीला एक, दुसऱ्या पाळीला दोन, असे ते दहापर्यंत वाढत जातात. मूळ संचातला ‘चिलविंड येटी’ हा सैनिक चार स्फटिकांचा. त्याचा अटॅक ४, हेल्थ ५; बेरीज ९. दोन स्फटिकांच्या ‘ब्लडफेन रॅप्टर’ची बेरीज ५, सहा स्फटिकांच्या ‘बोल्डरफिस्ट ओगर’ची १३. स्फटिकांची दुप्पट अधिक एक, हा झाला बिनकरामतीच्या पत्त्याचा चालू भाव. आता ‘सेनजिन शील्डमास्टा’ पाहा. तोही चार स्फटिकांचाच, पण अटॅक ३, हेल्थ ५. एक गुण कमी पडतो, कारण त्याच्याकडे ‘टाँट’ आहे: शत्रूच्या सैनिकांना आधी त्याच्याशीच भिडावे लागते. त्या एका गुणात ही ढाल विकत मिळते.

हिशेब इथवर साथ देतो, पुढे तो अपुरा पडतो. दुसरी कसोटी म्हणजे एका पत्त्यापायी समोरच्याचे किती पत्ते खर्ची पडतात. ‘वॉर गोलेम’ सात स्फटिकांत ७-७ देतो; चालू भावाने एक गुण कमीच. डिसेंबर २०१४मध्ये आलेला ‘डॉक्टर बूम’ही सात स्फटिकांत ७-७, पण सोबत दोन छोटे बॉम्ब उतरवतो. प्रत्येक बॉम्ब मरताना शत्रूपक्षात कुणालाही १ ते ४ इजा करतो. समोरच्याने डॉक्टरला एका पत्त्यात मारले तरी बॉम्ब पटावर उरतातच. आपला एक पत्ता आणि त्याच्या बंदोबस्तासाठी समोरच्याचे दोन-तीन! म्हणूनच हा डॉक्टर तेव्हा जिकडेतिकडे दिसू लागला.

तिसरी कसोटी सोबतीची. मेंढीकोटात हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला कापते, तसेच इथेही पत्त्याचे मोल भोवतालावर ठरते. एका स्फटिकाचा ‘अंडरटेकर’ नुसता १-२. पण मरताना काही करामत करणारा सैनिक आपण उतरवला की दर वेळी हा अंडरटेकर अटॅक आणि हेल्थ अशा दोन्ही अंगांनी वाढे. अशा सैनिकांनी भरलेल्या डेकमध्ये तो काही पाळ्यांतच आवरेनासा होई. अखेर जानेवारी २०१५मध्ये ब्लिझार्डने त्याला लगाम घातला. त्यानंतर फक्त अटॅक वाढू लागला. छापील पत्त्यावरची शाई अशी बदलता येत नाही. डिजिटल पत्ता मात्र आज एक असतो, उद्या दुसरा.

शिवाय इथे पत्ता दुसऱ्याला विकता येत नाही, फक्त मोडून धूळ मिळते. लेजंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, पत्ता मोडला की ४०० धूळ. नवा घडवायला लागते १६००. म्हणजे एकासाठी चार गमवायचे. साध्या पत्त्याचे गणित आणखी कडक: मोडल्यावर ५, घडवताना ४०. त्यामुळे नवा संच आल्याआल्या घाईने मोडतोड करू नये; चार दिवस इतरांचे डेक पाहावेत.

पत्त्याच्या विजयाची टक्केवारी पाहतानाही जपावे. शेवटचा घाव घालणारा पत्ता बहुधा जिंकत आलेल्या डावातच खेळला जातो, म्हणून त्याचा आकडा फुगतो. तो पत्ता सुरुवातीच्या हातात आला तेव्हा किती डाव जिंकले, हा आकडा अधिक बोलका.

हे सगळे तपासल्यावरही एक प्रश्न उरतो. नवा पत्ता आत घ्यायचा तर तिसांतला एक बाहेर काढावा लागतो. कोणता, आणि का, हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर धूळ राखून ठेवावी.