सिगारेट सुटली, मग तलफ का येते?

सिगारेट सोडून आठ-नऊ महिने झालेला माणूस कधीतरी जवळच्या मित्राला दबक्या आवाजात विचारतो, "अजून आठवण येते रे. म्हणजे माझी सुटलीच नाही का?" पहिल्या आठवड्याबद्दल सगळेच बोलतात. चिडचिड होणार, झोप उडणार, तोंडात सारखं काहीतरी हवंसं वाटणार, हे घरच्यांनाही ठाऊक असतं आणि तेवढे दिवस ते सांभाळूनही घेतात. नंतरच्या तलफेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. त्यामुळे ती अचानक आली की माणूस घाबरतो, स्वतःवरचा विश्वास गमावतो आणि त्या भरात टपरी गाठतो. त्याला पुन्हा ओढायला लावण्यात तलफेइतकाच वाटा तिच्याबद्दलच्या गैरसमजांचा असतो, असं माझं ठाम मत आहे. त्यातले काही गैरसमज इथे घेतो.

"तलफ येते, म्हणजे अंगात अजून निकोटिन आहे"

रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ संपतं. त्याच सुमारास त्रास शिगेला पोहोचतो आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वर्षानुवर्षं धूर घेतल्याने मेंदूत निकोटिनला धरून ठेवणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. सोडल्यावर सहा ते बारा आठवड्यांत त्याही न ओढणाऱ्या माणसाइतक्या होतात. तेव्हा आठव्या महिन्यातल्या तलफेचा अंगातल्या निकोटिनशी काही संबंध उरलेला नसतो.

मग ती येते कुठून? झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं आणि बरं वाटतं. इतक्या झटपट मिळालेलं बक्षीस मेंदू विसरत नाही. त्या क्षणी आसपास जे काही असेल ते सगळं तो त्या बक्षिसाशी बांधून ठेवतो. रोज पंधरा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर वीस वर्षांत हा धडा दहा लाखांहून जास्त वेळा गिरवला जातो. नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराचं पाहा. गेटबाहेरची टपरी, उकळत्या चहाचा वास, दोरीला टांगलेला लायटर, शेजारी उभा असलेला नेहमीचा सोबती आणि 'सुटलो एकदाचे' ही भावना, हे सगळं मिळून त्याच्या मेंदूला एकच खूण पटवतं. सिगारेट त्याने सोडली, पण टपरी, चहा आणि सोबती जागच्या जागीच आहेत. खूण दिसली की मेंदू सवयीने मागणी करतो. ही आठवण आहे, आजार उलटल्याचं लक्षण नाही.

"सहा महिने निघाले की काळजी नाही"

काही खुणा रोज भेटतात. त्या लवकर बोथट होतात, कारण चहा झाला आणि सिगारेट आली नाही, हे मेंदू रोज अनुभवतो आणि हळूहळू नवा हिशेब शिकतो. काही खुणा मात्र वर्षातून एकदाच येतात.

निफाडचं उदाहरण घ्या. राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की त्यात निफाडचं नाव हमखास असतं. कडाका वाढला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक चालू करतात, कारण गारठ्याने मण्यांची वाढ थांबते आणि तडेही जातात. अशा बागेत ज्याने वर्षानुवर्षं शेकोटीच्या निखाऱ्यावर विडी पेटवली, त्याने पावसाळ्याच्या तोंडावर ती सोडली असेल, तर डिसेंबरातली ती पहाट ही त्याची शेकोटीजवळची, पण विडीशिवायची पहिलीच पहाट. सहा महिने त्याला काही जाणवलं नव्हतं, कारण ती खूण त्याच्यासमोर आलीच नव्हती. त्या पहाटे तलफ जोरात आली तर त्यात नवल काहीच नाही.

पावसात गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबकच्या वाटेला काढलेली फेरी, मित्रांबरोबरची रविवारची मिसळ, गणपतीतलं जागरण, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे जमलेली मंडळी, कुणाच्या तरी अंत्यविधीनंतर स्मशानाबाहेर उभं राहणं, यांतला प्रत्येक प्रसंग सिगारेटशिवाय पहिल्यांदा कधीतरी पार पडायचाच असतो. म्हणून पहिलं पूर्ण वर्ष सावध राहावं. येणाऱ्या सणांची आणि समारंभांची आधीच आठवण काढून ठेवावी. त्या वेळी कुठे उभं राहायचं, हातात काय धरायचं, कुणाला आधीच सांगून ठेवायचं, हे ठरलेलं असलं की तलफ बेसावध गाठत नाही.

थंडीचा विषय निघालाच आहे, तर विडीने ऊब येते हाही गैरसमजच. निकोटिनने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं उलट आणखी गार पडतात. ऊब देते ती शेकोटी.

विडीत कागद नसतो, पान असतं, म्हणून ती सौम्य, असंही म्हणतात. सिन्नर हे विडीचं जुनं गाव. तिथल्या कित्येक बायकांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत संसार चालवले. वळणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण तेंदूचं पान स्वतःहून धड जळत नाही, विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा ओढावी लागते आणि त्यामुळे धूर जास्त आत जातो, हे सांगायलाच हवं.

"मन घट्ट असलं की झालं"

मन घट्ट असायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. कसलीही मदत न घेता सोडायला निघालेल्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे साधारण तीन ते पाच जण असतात. उरलेल्या पंचाण्णवांना दुबळे ठरवणं हा अन्याय आहे. त्यांना कुणी पद्धत शिकवलेली नसते.

पद्धतीचा पाया असा की एकेक तलफ फार वेळ राहत नाही. ती चढते आणि पाच-दहा मिनिटांत बहुतेक वेळा आपोआप उतरते. आपण ओढली नाही तरी उतरते. तेवढी मिनिटं काढायची. जागा सोडावी, कारण खूण डोळ्यांआड झाली की मागणी मंदावते. भराभर चालावं. थोड्या वेळाच्या चालण्यानेही तलफ कमी होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पाणी प्यावं, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी, कुणाला तरी फोन लावावा. 'विचारच करायचा नाही' असा मनाशी हट्ट मात्र धरू नये, कारण दाबलेला विचार जास्त छळतो. 'तलफ आली आहे, जाईल' एवढं स्वतःला सांगून हातातलं काम चालू ठेवावं.

चहाबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन एरवीपेक्षा वेगाने साफ करतं. धूर थांबला की काही दिवसांतच हा वेग उतरतो आणि पूर्वीइतकाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. मग छातीत धडधडतं, हात अस्वस्थ होतात, रात्री डोळा लागत नाही. माणसाला वाटतं ही तलफच. निम्मा चहा कमी करून पाहावा, ही 'तलफ' पुष्कळदा तिथेच मिटते.

"एवढ्या महिन्यांनी एखादी ओढली तर काय होतं?"

सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हेच. 'एक'ला सोपं करणारी सोय आपल्याकडे आहे, ती म्हणजे सुटी सिगारेट. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली, तरी टपरीवर ती आजही मागताच मिळते. पाकीट घ्यायचं तर माणूस दोनदा विचार करतो, सुटी घेताना तेवढाही वेळ मिळत नाही.

महिनोन्‌महिने मेंदू 'खूण आली तरी बक्षीस नाही' हे शिकत असतो. मध्येच मिळालेला एक झुरका त्याला सांगतो की बक्षीस अजून मिळू शकतं. पुढच्या वेळी मागणी जास्त चिवट होते. रोज एकच ओढणाऱ्याला धोका नगण्य, ही समजूतही चुकीची आहे. हृदयविकाराचा जो वाढीव धोका रोज वीस ओढणाऱ्याला असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज एक ओढणाऱ्यालाही असतो.

आणि तरीही एखादी ओढली गेलीच, तर? तर ती एकच होती. 'आता गेलंच सगळं' असं म्हणून पाकीट विकत आणणं हे खरं घसरणं. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थांनी उपचारानंतरच्या पाठपुराव्याला एवढं महत्त्व दिलं ते याचसाठी. व्यसन सुटल्यानंतरही माणूस घसरू शकतो. त्याला लाज वाटायला न लावता पुन्हा उभं करावं लागतं. घरच्यांनी शर्टाचा वास घेत उलटतपासणी सुरू केली, तर तो पुढची सिगारेट लपून ओढेल आणि मदत मागायची वाटही बंद होईल. कुठे होतास, काय झालं होतं, एवढं शांतपणे विचारलं तर ती खूण कोणती होती ते दोघांनाही कळतं.

"निकोटिनची गोळी म्हणजे दुसरं व्यसनच"

सिगारेटमधून निकोटिन क्षणात मेंदूवर आदळतं. चघळायच्या गोळीतून ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून सावकाश आणि थोडं थोडं मिळतं. तिच्यात डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. काही आठवडे वापरून ती कमी करत बंद करायची असते.

बहुतेकांची फसगत होते ती वापरताना. लोक ती च्युइंगगमसारखी सरसर चावतात. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या आणि मळमळ सुरू होते आणि 'मला मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो. ती सावकाश चावायची. तोंडात तिखटसर चुणचुण लागली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. चुणचुण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायची. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, शीतपेय घ्यायचं नाही, कारण आंबटपणाने निकोटिन शोषलं जात नाही. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गोळीने भागत नसेल तर तलफ कमी करणारी इतर औषधंही आहेत, पण तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

"सिगारेट सोडली, चिमूटभर तंबाखू चालते"

चालत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते आणि 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे. तोंडाच्या कर्करोगाचं मूळ आपल्याकडे मुख्यतः या दुसऱ्या आकड्यात आहे. तंबाखू-चुना किंवा मिशरी यांनी निकोटिनची मागणीही जिवंत राहते. ई-सिगारेटवर तर देशात 2019 पासून कायद्यानेच बंदी आहे.

"ताणावर दुसरा उपाय नाही"

ओढणाऱ्याचा बराचसा ताण निकोटिन उतरल्याचाच असतो. पुढची सिगारेट तेवढाच फेडते आणि नवा उभा करते. सोडलेल्यांच्या अभ्यासांत काही आठवड्यांनंतर चिंता आणि उदासी आधीपेक्षा कमी झालेली आढळली आहे. वजन मात्र खरंच वाढतं, पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. पण सिगारेटच्या धोक्यापुढे ते फार लहान आहे. चालण्याने तलफ आणि वजन दोन्ही आवरतात.

मदत हवी असेल तर सरकारच्या तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक आहे. 2018 पासून तो सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यातही छापलेला असतो. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत समुपदेशनाची सोय केलेली असते. नाशिककरांनी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मदतवाहिनीचा फोन फक्त सोडण्याच्या पहिल्या दिवसासाठी आहे, असं कुणी समजू नये. नवव्या महिन्यात, निफाडच्या थंडीत किंवा भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही तो लावता येतो.