तापत्या पत्र्याखालचे वर्कशॉप

नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव अशा शहरांत घराला लागून उभी केलेली पत्र्याची शेड हेच अनेकांचे वर्कशॉप असते. कुठे सुतारकाम चालते, कुठे मोटर रिवाइंडिंग, कुठे ग्रिल आणि गेटचे वेल्डिंग. बारा फूट रुंद, वीस फूट लांब, पुढे लोखंडी शटर आणि मागे एखादी खिडकी, असा तिचा नेहमीचा घाट. मे महिन्यात बाहेरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा डोक्यावरचा पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत तापलेला असतो. शेडमध्ये काम करणाऱ्याला सर्वाधिक भाजून काढतो तो हा पत्राच. म्हणून गारव्यासाठी पैसा खर्च करायचा तर पहिला रुपया छपरावर पडायला हवा. पंखा आणि कूलर यांचा क्रम त्यानंतरचा.

उन्हाळ्यात सूर्य विदर्भाच्या जवळजवळ थेट डोक्यावर येतो. नागपूरचा शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपाच्या, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, सुरुवातीलाच पडतो. दुपारी छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी ऊर्जा ओतली जाते. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत फारसे ऊन लागत नाही. सकाळी पूर्वेची, दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि छप्पर मात्र दिवसभर तापत राहते. तापलेला पत्रा खालच्या माणसाकडे अदृश्य उष्ण किरण फेकतो. ६५ अंशांच्या, धुळीने माखलेल्या किंवा रंगीत पत्र्याकडून समोरच्या कातडीला चौरस मीटरमागे निव्वळ २०० वॅटच्या आसपास उष्णता मिळते. पत्रा ४५ अंशांवर आणता आला तर हाच आकडा ६० ते ६५ वर येतो. शेडमधली हवा तेवढीच गरम राहिली तरी अंगाला फरक लगेच जाणवतो, तो यामुळे.

पत्रा थंड ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वरून पांढरा रंग. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चकचकीत कोरा पत्रा किंवा चंदेरी रंग ऊन परत फेकतो, त्यामुळे तोच सर्वांत थंड राहील असे वाटते. पण अशा धातूच्या पृष्ठभागाला शोषलेली उष्णता किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडता येत नाही, आणि तो तापतच जातो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उरलेली उष्णताही सहज सोडून देतो. लोखंडी पत्र्यासाठी बाहेरच्या वापराचा, उष्णता परावर्तित करणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा. चुन्याची सफेदी सिमेंटच्या स्लॅबवर उत्तम चालते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर मात्र चुन्याचा क्षार जस्त खातो, शिवाय एका पावसाळ्यात सफेदी धुऊन जाते. रंग देण्याआधी पत्रा घासून स्वच्छ केला नाही तर पापुद्रे सुटतात. धूळ बसली की परावर्तन घटते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छप्पर पाण्याने धुणेही तितकेच महत्त्वाचे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. शहरांनी स्वीकारलेला हा उपाय घरच्या शेडला तर सहज परवडतो.

धातूचा जो गुण छपराच्या वरच्या बाजूला नडतो तोच खालच्या बाजूला कामाला येतो. पत्र्याच्या खाली, किमान एक इंच पोकळी सोडून, ॲल्युमिनियम फॉइलचा थर ताणला तर त्याचा चकचकीत पृष्ठभाग उष्ण किरण पुढे सोडत नाही. फॉइल पत्र्याला चिकटवून टाकला तर पोकळी नाहीशी होते आणि पत्र्याची उष्णता सरळ फॉइलमधून खाली उतरते. हवेचा थर राखणे हे या कामातले खरे कौशल्य. नवीन शेड बांधताना दोन पत्र्यांमध्ये पीयूएफ फोम भरलेले पॅनेल वापरणे अधिक शहाणपणाचे. खर्च जास्त, पण ५० मिलिमीटर जाडीचे पॅनेल छपरातून येणारी बहुतेक उष्णता अडवते. थर्मोकोलचे छत स्वस्त पडते, परंतु वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे ते लावूच नये. ते झपाट्याने पेटते आणि दाट काळा धूर सोडते. त्या जागी रॉकवूलसारखे न जळणारे साहित्य हवे. गावाकडे छपरावर तुराट्या किंवा कडबा अंथरतात; सावली चांगली मिळते, पण ठिणगीचे काम असेल तर तोही धोकाच.

शटर पश्चिमेला असेल तर दुपारी तीननंतर तेही छपराइतकेच त्रासदायक ठरते. आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, कारण उष्णता तोवर आत आलेली असते. शटरच्या बाहेर हिरवी शेडनेट ताणावी किंवा पडवी काढावी. जागा असेल तिथे कडुनिंब लावावा. त्याला वेळ लागतो, पण त्याच्यासारखी सावली दुसरी नाही.

शेडच्या आतही उष्णता तयार होत असते. वापरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच बदलते. पूर्ण भारावर चालणारी एक अश्वशक्तीची मोटर पाऊण किलोवॅटहून जास्त उष्णता आत सोडते. म्हणून कंप्रेसर बाहेर सावलीत ठेवून पाइपने हवा आत आणणे आणि हॅलोजनच्या जागी एलईडी लावणे यांनी बराच फरक पडतो. गरम हवा वर चढते, तेव्हा एक्झॉस्ट पंखा भिंतीच्या वरच्या टोकाला असावा आणि हवा आत येण्याची वाट खाली, सावलीच्या बाजूला. भर दुपारी बाहेरची हवाच ४४ अंशांची असते. तेव्हा तिला वारेमाप आत घेण्यात अर्थ नाही. रात्री मात्र दारे-खिडक्या उघड्या ठेवून पंखा चालवला तर फरशी, भिंती आणि अवजारे पहाटेपर्यंत निवतात.

यानंतर कूलर. विदर्भाची कोरडी हवा त्याला फार अनुकूल आहे. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. बारा बाय वीसच्या, दहा फूट उंच शेडमधली हवा दर दोन मिनिटांनी बदलायची तर ताशी सुमारे २,००० घनमीटर क्षमता लागते, आणि पाणी ताशी दहा-पंधरा लिटर. टंचाईच्या गावात हा हिशेब आधीच करावा. कूलरसमोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट होते आणि कूलर निकामी ठरतो. कोकणात किंवा गोव्यात हवा मुळातच दमट असल्याने कूलर घामाखेरीज काही देत नाही. तिथे सावली आणि वेगवान पंखाच उपयोगी. कूलरच्या दमट हवेने लेथच्या घासलेल्या भागांना गंज चढतो, लाकूड फुगते, वेल्डिंगच्या काड्या ओल धरतात. काड्या बंद डब्यात आणि यंत्रांना तेलाचा हात हवा.

लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. घामाने भिजलेली कातडी विजेला कमी अडवते, त्यामुळे वर्कशॉपमध्ये हा धोका आणखी वाढतो. पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवल्याशिवाय कूलर लावू नये, आणि प्लग काढल्याशिवाय टाकीत पाणी भरू नये.

हे सगळे केले तरी दुपारी बारा ते चार जड काम टाळलेलेच बरे. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम झोत मारून शरीर आणखी तापवतो. ताक, पन्हे किंवा ओआरएस हाताशी ठेवून थोडे थोडे पीत राहावे. काम करणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून पंखा लावावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला तोंडाने पाणी पाजू नये.