सामू ८.३ आला म्हणून लगेच जिप्समची गाडी बोलावू नका



आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. दुपारच्या घाईत वाचू नका, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. मे महिना लागला की माती तपासणीचे रिपोर्ट माझ्या फोनवर येऊ लागतात आणि खाली प्रश्न ठरलेला असतो, "ताई, सामू ८.३ आला, वावर चोपण झालं का? जिप्सम किती टाकू?"

उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगते. कंपनीत कामाला लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मोताळा तालुक्यातल्याच एका काकांनी हाच प्रश्न विचारला होता. सामू ८.३. पदविकेच्या वहीतलं डोक्यात ताजं होतं, सामू जास्त तर जिप्सम. मी बेधडक सांगून टाकलं. काकांनी अडीच एकरात जिप्सम टाकलं, गाडीभाडं आणि हमाली वेगळी. खरीप गेला, पऱ्हाटी दरवर्षीसारखीच आली. दिवाळीनंतर त्याच वावरातली माती मी सविस्तर तपासायला पाठवली. चुनखडी भरपूर, सोडियम नावालाच. म्हणजे ज्या रोगाचं औषध दिलं तो रोगच तिथे नव्हता. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला आधी पुरतं पाहून सांगत जा." तेव्हापासून एकट्या सामूवर मी कोणालाही जिप्सम सांगत नाही.

आता मुद्द्याचं. मातीचा सामू ७ च्या वर दोन कारणांनी जातो. एक चुना, दुसरा सोडियम. चुना, म्हणजे मुक्त चुनखडी, सामू साधारण ८.२ ते ८.४ पर्यंत नेते आणि तिथेच थांबते. सामू ८.५ च्या पुढे गेला, ८.८, ९ असा दिसू लागला, तर बहुतेक वेळा मागे सोडियम असतो. पण ८.३ हा आकडा मधला आहे. तिथे नुसता चुना असू शकतो, आणि चुन्याच्या आड लपलेला सोडियमही असू शकतो. म्हणूनच हा आकडा फसवतो.

चुना आणि सोडियम येतात कुठून, हे समजायला थोडं वाळवंटात जाऊ. थरच्या वाळवंटातली माती बहुतेक अल्कधर्मी, म्हणजे जास्त सामूची. तिथे पाऊस इतका कमी की खडक झिजून सुटलेले क्षार खाली धुऊन जायला पाणीच नसतं. ते थोडं खाली जातात आणि थर धरून बसतात. मृदाशास्त्रात वाळवंटी मातीला अ‍ॅरिडिसॉल म्हणतात आणि तिचे काही पोटप्रकार कोणता क्षार साठला यावरूनच पाडतात. चुना साठला तर कॅल्सिड, जिप्सम साठलं तर जिप्सिड, मीठ साठलं तर सॅलिड.

आपलं मोताळा काही वाळवंट नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि उरलेले आठ महिने जमीन वाळते. अजिंठ्याच्या डोंगराचा काळा दगड झिजला की त्यातून कॅल्शियमही सुटतो आणि सोडियमही. वरच्या अंगाच्या मुरमाड जमिनीत पाणी लवकर निथळतं, तिथे काही साठत नाही. खालच्या सपाट, खोल काळ्या जमिनीत मात्र पाणी जिरायला वेळ लागतो, आणि जमीन वाळताना आत चुन्याचे खडे तयार होतात. नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, तेच. आता खरी गोम इथे आहे. चुन्याचा खडा होताना मातीच्या पाण्यातला कॅल्शियम त्यात अडकून पडतो. मागे उरतो सोडियम. म्हणजे चुनखडीची जमीन आज चोपण नसेलही, पण ती त्या वाटेवरची असू शकते.

वाटेच्या टोकाला काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. आपली नळगंगा तालुक्यातून मलकापूरकडे उतरते आणि पुढे पूर्णेला मिळते. त्या पूर्णेच्या दोन्ही अंगांना, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर ते थेट अकोला, अमरावतीपर्यंत खारपाणपट्टा पसरला आहे. आपण त्याच्या काठावर आहोत. तिकडच्या जमिनीत पांढरं मीठ फुललेलं फारसं दिसत नाही. संग्रामपूरकडचे एक पाहुणे मला म्हणाले होते, "पांढरं तं काहीच दिसत नाही, मंग चोपण कसं म्हणता?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

पुस्तकातली वर्गवारी अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली पक्की केली. ती अजून सगळीकडे शिकवतात. विद्युत वाहकता ४ च्या वर आणि सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आत, तर खारवट. वाहकता ४ च्या आत आणि सोडियम १५ च्या वर, तर चोपण. दोन्ही वर, तर खारवट-चोपण. हे सोडियमचं प्रमाण म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सगळ्या क्षारांत सोडियमचा वाटा किती, रिपोर्टात त्याला ईएसपी लिहितात. (चिबड जमीन वेगळी. तिथे पाणी साठून राहतं, क्षार असतील किंवा नसतीलही. आपल्याकडे तिन्हींना सरसकट 'खराब झालं वावर' म्हणतात, म्हणून घोळ होतो.)

पण आपल्या काळ्या मातीला हा १५ चा आकडा उशिराचा ठरतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्याच्या मातीचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. सोडियम ५ टक्क्यांच्या वर गेला की या मातीत निचरा बिघडतो, असं त्यातून पुढे आलं. ऑस्ट्रेलियातही ६ पासूनच जमीन सोडियमची धरतात. कारण आपल्या मातीत फुगणारी चिकणमाती फार. कॅल्शियमला जणू दोन हात असतात, तो शेजारशेजारचे दोन कण धरून ठेवतो. सोडियमला एकच हात. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटतात, पाण्यात विरघळल्यासारखे पसरतात आणि मातीची भोकं बुजवतात. पाऊस पडतो पण आत जात नाही. वर चिखल, फूटभर खाली कोरडं. आणि १५ ची वाट पाहत बसलो तर तोवर तूर पिवळी पडून गेलेली असते.

आता तुमच्या हातातली जमीन आरोग्य पत्रिका काढा. त्यात १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, वाहकता, सेंद्रिय कर्ब. ईएसपी त्यात नाही, चुनखडीही नाही. म्हणजे चोपण ठरवायला जे लागतं तेच पत्रिकेत नसतं. दुसरं, पत्रिकेतली वाहकता माती भरपूर पाण्यात ढवळून मोजलेली असते, त्यामुळे तिला ४ चा आकडा लावू नका. तिथे १ च्या आत असेल तर ठीक समजतात.

रिपोर्ट येईपर्यंत घरी एक परीक्षा करता येते, पैसे लागत नाहीत. काचेचा ग्लास घ्या. त्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार परीक्षा बिघडवतात. हरभऱ्याच्या घाट्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका, ग्लासला धक्का लागू देऊ नका. ढेकूळ फुटून ढीग होईल, त्याला घाबरू नका, काळी माती फुटतेच. बघायचं ते पाणी. दोन तासांनी आणि मग दुसऱ्या दिवशी बघा. पाणी नितळ असेल तर बरं. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला असेल तर सोडियमचा संशय धरा. ढेकूळ वरच्या थरातलं एक आणि दोन फूट खालचं एक, असं वेगवेगळ्या ग्लासांत टाका. पूर्णा खोऱ्यात सोडियम खाली जास्त सापडतो, वरची माती चांगली दिसते आणि आपण फसतो.

दुसरी खूण पावसाळ्यात दिसेल. वावरात साचलेलं पाणी चार दिवसांनीही गढूळच राहतं का? चोपण जमिनीत ते निवळत नाही.

समजा, सोडियम निघाला. मग जिप्सम हवंच, पण किती? खोल काळी माती धरून एक हिशेब सांगते. ईएसपी १२ वरून ५ वर आणायचा असेल तर नुसत्या वरच्या अर्ध्या फुटासाठी एकरी सुमारे पावणेतीन टन शुद्ध जिप्सम लागतं. एकरी दोन पोती टाकली तर सोयाबीनला गंधक मिळेल, ते वाईट नाही, पण त्याने जमीन सुधारली असं मनाशी धरू नका. आणि जिप्सम टाकल्यावर सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी. धुऱ्याच्या कडेने चर काढून नाल्याला जोडला नसेल तर पैसे मातीत. आधी चर, मग जिप्सम.

चुनखडी असलेल्या जमिनीत एक फायद्याची गोष्ट आहे, औषध आतच पडलेलं आहे. धैंचा किंवा ताग फुलोऱ्याआधी गाडला, शेणखत, कंपोस्ट टाकलं की ते कुजताना निघणारी आम्लं चुन्यातला कॅल्शियम सोडवतात. काम हळू होतं, दोन-तीन वर्षं धीर लागतो. माझं मत विचाराल तर सोडियम ५ ते ८ च्या दरम्यान असेल तर मी आधी धैंचा आणि चरावर खर्च करेन.

सगळ्यात जास्त काळजी मला नव्या बोअरची वाटते. खोल गेलेल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर ते पाणी वावरात पसरताच कॅल्शियमचा चुना होऊन बसतो आणि सोडियम मोकळा सुटतो. जे काम निसर्गाला हजारो वर्षं लागलं, ते आपण मोटर चालू करून काही हंगामांत करतो. पाण्याच्या रिपोर्टात आरएससी हा आकडा बघा. १.२५ च्या आत असेल तर बिनधास्त द्या. १.२५ ते २.५ असेल तर विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्याबरोबर आलटूनपालटून. २.५ च्या वर असेल तर हरभऱ्याला हे पाणी देण्यापेक्षा कोरडवाहू घेतलेला बरा. ही जमीन तुमच्यानंतर लेकरांना कसायची आहे.

पेरणीआधी रिपोर्ट हवा असेल तर नमुने याच आठवड्यात कंपनीच्या संकलन केंद्रावर आणा. एका वावराच्या दोन पिशव्या करा, एक फुटापर्यंतची आणि एक ते दोन फुटांची. चिठ्ठीवर गट नंबर, खोली आणि "ईएसपी व मुक्त चुनखडीसह" असं स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीचीच तपासणी होऊन येते. बोअरचं पाणी मोटर अर्धा तास चालवल्यावर भरा. बाटली थंड पेयाची नको, पाण्याची घ्या आणि त्याच पाण्याने तीनदा विसळा.